उसाची ट्रॉली रडारला कशी दिसते, हे संगणकात उभं करायचं तर

मी लातूरला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि माझा धाकटा भाऊ केजकडच्या आमच्या गावात ट्रॅक्टर चालवतो. दोन वर्षांपूर्वी हंगामात एका रात्री त्याचा फोन आला, "आक्का, मागच्या ट्रॉलीवर कुणीतरी मोटारसायकल घातली बघ." पोरगा वाचला, पाय मोडला. मागे दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टर चिखलानं माखला होता. त्यानंतर डोक्यात बसलं की वळणावर खांबाला एक स्वस्त रडार लावायचं, त्याला भरलेली डबल ट्रॉली ओळखता आली पाहिजे आणि तिच्या आधी पिवळा दिवा लुकलुकला पाहिजे. काहीतरी पुढे सरकतंय हे कुठलंही रडार सांगतं. ते ट्रॉली आहे, एसटी आहे की बैलगाडी, हे ओळखायचं तर कोणती वस्तू लहरी कशा विखुरते याचं मॉडेल हाताशी लागतं. ते मी कसं बांधलं आणि कुठे फसले, ते इथे लिहिते. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांना उपयोगी पडेल.

माझं रडारचं मॉड्यूल २४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे तरंगलांबी साडेबारा मिलिमीटर. (विकत घेण्याआधी त्या वारंवारतेच्या पट्ट्याला परवाना लागतो का, ते तपासा.) पहिली गोष्ट, वस्तूची लांबी तरंगलांबीत मोजा. औरंगाबादेत २०१५ च्या दुष्काळात ढगांत बीजारोपणासाठी रडार बसवलं होतं, ते आठवत असेल. त्याच्या लहरी काही सेंटिमीटरच्या आणि पावसाचा थेंब दोन-चार मिलिमीटरचा. थेंब लहरीपेक्षा इतका लहान की त्याचा बारीकसारीक आकार रडारला कळतच नाही. परतीची शक्ती फक्त व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, संपलं. ट्रॉलीचं उलट आहे. हुकापासून फाळक्यापर्यंत चार मीटर धरले तर ती ३२० तरंगलांब्या लांब भरते. इथे सगळा खेळ आकाराचाच.

मुलं इथे लगेच म्हणतात, "मॅडम, मॅक्सवेलची समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर आहे की." आहे. हिशेब करून बघा. चार बाय दोन बाय दोन मीटरचा ठोकळा, आणि तरंगलांबीचा दहावा भाग म्हणजे सव्वा मिलिमीटरचे खण. आठशे कोटींहून जास्त खण होतात. प्रत्येक खणात क्षेत्राचे सहा आकडे, चार-चार बाइटचे, म्हणजे नुसते आकडे ठेवायलाच जवळपास २०० जीबी स्मृती. आमच्या लॅबमधल्या संगणकात आठ जीबी आहे. म्हणून असला पूर्ण हिशेब मी फक्त छोट्या तुकड्यांसाठी ठेवते, उदाहरणार्थ पत्र्यावर वेल्ड केलेला चॅनेलचा वीतभर तुकडा. सगळ्या ट्रॉलीला दुसरी वाट लागते.

ती वाट खडूपासून सुरू होते. लॅपटॉप बंद ठेवा, ट्रॉली उघड्यावर उभी करा आणि असं समजा की ती सगळी आरशाची आहे. रंग, गंज, धूळ विसरा, कारण साडेबारा मिलिमीटरच्या लहरीला गंजलेला पत्राही गुळगुळीतच वाटतो. आता रडार जिथे असेल तिथे उभं राहून विचारा, या आरशांत मला माझं तोंड कुठेकुठे दिसेल? जिथे दिसेल तिथे खडूनं फुली मारा. मग दहा पावलं बाजूला सरका आणि पुन्हा विचारा. भाऊ लांबून बघत होता. म्हणाला, "आक्का, काय हुडकायलीस त्या ट्रॉलीत? सोनं हाय का?"

अर्ध्या तासात चौदा फुल्या झाल्या, आणि त्यांच्या तीन-चार जाती आहेत हे तिथेच लक्षात आलं. फाळक्याच्या सपाट पत्र्यात तोंड दिसतं, पण अगदी समोर काटकोनात उभं राहिलं तरच. ट्रॅक्टरच्या गोल मडगार्डात कुठूनही दिसतं, पण बारीक, आणि तुम्ही चालाल तशी ती फुलीही घसरत जाते. रिकाम्या ट्रॉलीच्या आत, जिथे तळ, बाजू आणि पुढची फळी तिन्ही एकमेकींना काटकोनात भेटतात, त्या कोपऱ्यात मात्र तोंड जागचं हलत नाही. तीन काटकोनी आरसे आलेला किरण आल्या दिशेनेच परत पाठवतात, म्हणून बऱ्याच मोठ्या कोनातून तो कोपरा झगझगत राहतो. चौथी जात कडांची, म्हणजे पत्र्याची धार, हुकाचं टोक. आरशाच्या नियमानं तिथे काहीच दिसायला नको, पण लहर कडेवरून वळते. या कडांचा हिशेब जोसेफ केलर यांनी १९६२ साली मांडलेल्या विवर्तनाच्या भूमितीय सिद्धांतातून करता येतो. त्याच सुमारास रशियात प्योत्र उफिमत्सेव दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले, आणि त्यांच्या कामाचा उपयोग पुढे अमेरिकेनेच रडारला न दिसणारी विमानं घडवायला केला. त्यातलं सुरुवातीचं एक विमान सपाट पैलूंचं होतं, कारण सपाट पत्रा चुकीच्या कोनात धरला की तोंड दिसतच नाही. आपल्याला उलट काम करायचंय, जे दिसतं त्याची नोंद.

इंग्रजी पुस्तकांत या फुल्यांना स्कॅटरिंग सेंटर म्हणतात. मी वर्गात ठिपके म्हणते.

आता टेप घ्या. मूळबिंदू मी हुकाच्या भोकाशी धरते, कारण ट्रॉली बदलली तरी हूक सापडतोच. प्रत्येक ठिपक्याचे तीन सहनिर्देशक सेंटिमीटरपर्यंत वहीत लिहा. शेजारी चार गोष्टी लिहा: ठिपक्याची जात, त्याची ताकद, तो कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत दिसतो आणि त्याला कोण झाकू शकतं. शेवटचा रकाना मुलं हटकून रिकामा सोडतात, आणि नेमकी तिथेच ओळख दडलेली असते. त्याकडे परत येते.

जात लिहायची कारण वारंवारता बदलली की प्रत्येक जात वेगळी वागते. पॉटर आणि मोझेस यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये ठिपक्याचा आयाम (म्हणजे परतलेल्या लहरीची उंची) वारंवारतेच्या एका घातांकानं बदलतो. सपाट पत्रा आणि काटकोनी कोपरे यांचा घातांक एक, नळकांड्यासारख्या एकाच दिशेने वळलेल्या पृष्ठाचा अर्धा, गोलासारख्या दोन्ही दिशांनी वळलेल्याचा शून्य, आणि टोकावरून होणाऱ्या विवर्तनाचा उणे एक. माझ्या मॉड्यूलचा पट्टा जेमतेम २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एकूण वारंवारतेच्या एक टक्का. त्यात हा फरक दिसत नाही हे खरं. तरी रकाना भरा. उद्या जास्त रुंद पट्ट्याचं मॉड्यूल आलं तर पुन्हा ट्रॉलीभोवती फिरायला नको.

ताकद काढताना मी पहिली मोठी माती खाल्ली. सपाट पत्र्याचं सूत्र सोपं आहे. रडारला दिसणारं क्षेत्र, ज्याला आरसीएस म्हणतात, ते काटकोनात बघताना चार π (पाय) गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग भागिले तरंगलांबीचा वर्ग. फाळका दोन मीटर रुंद, साठ सेंटिमीटर उंच. उत्तर आलं सुमारे १,१५,८०० चौरस मीटर. सव्वा चौरस मीटरच्या पत्र्याचं सव्वा लाखाच्या घरातलं क्षेत्र! मी ते तसंच मॉडेलमध्ये घातलं. मग शेतात तीस मीटरवर तिपाई लावून मोजलं, तर सत्तर-ऐंशी चौरस मीटरच्या वर काही जाईना. आठवडाभर मी मॉड्यूललाच दोष देत बसले.

चुका दोन होत्या, दोन्ही माझ्या. पहिली अंतराची. ते सूत्र दूरक्षेत्राचं आहे, म्हणजे इतक्या लांबचं की पोचणारी लहर सपाट समजता येते, आणि दूरक्षेत्र सुरू होतं वस्तूच्या रुंदीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी इतक्या अंतरावर. दोन मीटरच्या फाळक्याला ते येतं ६४० मीटर. चार मीटरच्या ट्रॉलीला अडीच किलोमीटरहून जास्त, म्हणजे ट्रॉली शेजारच्या गावात आणि रडार माझ्या दारात. तीस मीटरवरून अनंत लांबीरुंदीचा आरसा धरला तरी त्याचं क्षेत्र पाय गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे २,८०० च्या आसपासच दिसतं. लाखाचा आकडा तिथे शक्यच नव्हता. दुसरी चूक पत्र्याची. सूत्रातला पत्रा म्हणजे तरंगलांबीच्या सोळाव्या भागाइतका, इथे जेमतेम पाऊण मिलिमीटरपर्यंत, सपाट असलेला पत्रा. भावाच्या फाळक्याला मोळ्यांच्या मारानं बोटभर खोल पोचे आहेत.

त्यामुळे सपाट भाग मी आता कधीच एक पत्रा म्हणून घालत नाही. त्याचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करते. दहा सेंटिमीटरला दूरक्षेत्र १.६ मीटरपासूनच सुरू होतं, म्हणजे सूत्र प्रत्येक तुकड्याला लागू पडतं. प्रत्येक तुकड्याचं रडारपासूनचं अंतर वेगळं मोजते, सगळ्यांना एकच समांतर लहर धरत नाही. आणि पोचे म्हणून प्रत्येक तुकड्याला पुढेमागे काही मिलिमीटर आणि एक-दोन अंश यादृच्छिक ढळ देते. खरे पोचे मोजायचे तर फाळक्यावर सुतळी ताणून पट्टीनं मोजा, तासाभराचं काम आहे. हे केलं आणि फाळक्याचा आकडा शंभरीच्या आत उतरला. पैलूंचं असं मॉडेल आयतं चालवायचं तर अमेरिकेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तयार झालेलं पीओफॅसेट्स हे साधन शिकायला चांगलं आहे. पण ते दूरक्षेत्र गृहीत धरतं, हे लक्षात ठेवा.

बेरीज अगदी सोपी, पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळी. पट्ट्यातल्या प्रत्येक वारंवारतेसाठी सगळ्या ठिपक्यांवर फिरा. प्रत्येकाचा आयाम घ्या, अंतराची कला, म्हणजे फेज, काढा (चार पाय गुणिले अंतर भागिले तरंगलांबी, कारण लहर जाऊन परत येते), आणि संमिश्र संख्या म्हणून मिळवा. शक्ती म्हणून मिळवायचं नाही. दोन ठिपके एकमेकांना पुसूही शकतात, आणि शक्ती मिळवली की ते पुसणं हरवतं. मग व्यस्त फूरिये रूपांतर घ्या, म्हणजे अंतरानुसार उंचवट्यांची रांग मिळते. २५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक कप्पा ६० सेंटिमीटरचा पडतो. १२८ नमुने घेतले तर जवळपास ७७ मीटरपर्यंत गोंधळ होत नाही, त्यापलीकडचं झाड मात्र जवळ आल्यासारखं दिसेल. रूपांतराआधी हॅमिंगची खिडकी लावा, म्हणजे पट्ट्याच्या कडेच्या नमुन्यांचं वजन कमी करा. नाहीतर फाळक्याच्या मोठ्या उंचवट्याचे कानच (बाजूचे खोटे उंचवटे) फक्त १३ डेसिबल खाली असतात आणि त्यांत शेजारचा हूक बुडून जातो.

हे खरं की खोटं, ते ठरवायला ओळखीची वस्तू लागते. पुस्तकं धातूचा गोल सांगतात, कारण तो कुठूनही सारखाच दिसतो आणि त्याचं क्षेत्र पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. पण तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल भरतो ०.०७ चौरस मीटर, शेताच्या बांधावर तो गवतात हरवतो. मी फॅब्रिकेशनवाल्या मामांकडून तीन काटकोनी त्रिकोणांचा कोपरा करून घेतला, काटकोनाची बाजू वीस सेंटिमीटर. त्याचं सूत्र चार पाय गुणिले बाजूचा चौथा घात भागिले तीनदा तरंगलांबीचा वर्ग. येतात जवळजवळ ४३ चौरस मीटर, म्हणजे त्या गोलाच्या सहाशे पट. मामांना एकच सांगायचं, काटकोन म्हणजे काटकोनच. एक अंशाची चूकही कळते. त्यांनी पहिला कोपरा वेल्डिंगच्या तापानं वाकवला, दुसरा रिव्हेट मारून केला आणि तो नीट झाला. कोपरा वीस मीटरवर ठेवा, वाचन घ्या. मग तिथेच ट्रॉली आणा, आणि ट्रॉलीचं प्रत्येक वाचन त्या ४३ शी ताडून बघा. दर तासाला कोपरा पुन्हा मोजा, कारण दुपारच्या उन्हात मॉड्यूलचा आकडा सरकतो.

जमीन विसरू नका. मी विसरले होते. लहर ट्रॉलीकडे सरळ जाते तशी जमिनीवर आपटूनही जाते, आणि येतानाही तसंच. आपली काळी माती एप्रिलमध्ये कोरडी, भेगाळलेली असते, तेव्हा ही आपटलेली लहर कमजोर आणि विस्कटलेली. ऑगस्टमध्ये तीच माती पाण्यानं तुडुंब आणि डबक्यांनी आरशासारखी. तेव्हा ट्रॉलीची उभी बाजू आणि जमीन मिळून दोन आरशांचा कोपराच तयार होतो. मॉडेलमध्ये हे घालायला प्रत्येक ठिपक्याची जमिनीखाली एक प्रतिमा धरा आणि तिच्या वाटेला मातीचा परावर्तन गुणांक लावा, कोरड्याला वेगळा, ओल्याला वेगळा. डांबरी रस्त्याला तिसरा.

आता ऊस. धातूचा विचार करून करून मी उसापाशी अडले होते. कांडी अडीच-तीन सेंटिमीटर जाड, म्हणजे दोन तरंगलांब्या, आणि आत वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. एकेका उसाचं मॉडेल करायला गेलात तर हंगाम संपेल. त्यापेक्षा भाराच्या बाहेरच्या वीत-दीड वीत थरात तीन-चारशे ठिपके यादृच्छिक पेरा. आतल्या थरापर्यंत लहर पोचेपर्यंत ओला ऊस तिला पिऊन टाकतो. एकाही ठिपक्याला बाकीच्यांवर दादागिरी करू देऊ नका. अशा बेरजेत एकूण शक्ती कधी भरपूर तर कधी जवळजवळ शून्य येते, आणि तिची विभागणी घातांकी असते. पीटर स्वर्लिंग यांनी १९५४ मध्ये चढउतार करणाऱ्या लक्ष्यांचे जे प्रकार मांडले, त्यातल्या पहिल्या प्रकाराशी हे जुळतं. मोळ्या आडव्या रचल्या असतील तर मागून बघताना कांड्या नजरेला काटकोनात येतात आणि ठिपके थोडे तेज करावे लागतात. भाऊ म्हणतो मोळी कशी रचायची ते टोळीवर असतं, त्यामुळे मी दोन्ही रचना ठेवल्या आहेत.

आणि आता तो झाकण्याचा रकाना. खांबावर रडार पाच मीटर उंच, फाळक्याची वरची कड जमिनीपासून १.६ मीटर, ट्रॉलीचा तळ एक मीटरवर, लांबी ३.६ मीटर. समरूप त्रिकोणांनी काढा: रिकामी ट्रॉली वीस मीटरच्या अलीकडे आली की फाळक्यावरून वाकून रडारला पुढच्या फळीचे आतले दोन कोपरे थेट तळापर्यंत दिसतात. त्या दोघांपुढे बाकी सगळी ट्रॉली फिकी पडते. भरलेल्या ट्रॉलीत ते कोपरे उसाखाली गाडलेले, आणि त्यांच्या जागी नुसती कुजबुज. रिकामी की भरलेली, हे ओळखायचं सगळ्यात भरवशाचं लक्षण हेच निघालं, ठिपक्याचं असणं नव्हे, ठरलेल्या अंतरावर त्याचं नसणं. फाळका उघडा लोंबत असेल तर हिशेब पुन्हा बदलतो, म्हणून उघड्या फाळक्याची ट्रॉली मी वेगळी वस्तू म्हणूनच नोंदवली आहे.

बैलगाडीला ठिपके कमी, पण हालचाल जास्त. २४ गिगाहर्ट्झला सेकंदाला एक मीटर वेगाचं डॉपलर, म्हणजे हालचालीमुळे परतीच्या वारंवारतेत पडणारा फरक, १६० हर्ट्झ येतं. गाडी तेवढ्या वेगानं चालली तरी बैलांचे पाय त्या रेषेच्या मागेपुढे झुलताना दिसतात. ट्रॅक्टरला असं पायांचं झुलणं नसतं.

संगणकाला ओळखायला शिकवताना एक खोड टाळा. चार मीटरच्या वस्तूचं चित्र कोन ०.०९ अंशानं बदलला तरी बदलतं, म्हणून कोनांचे हजारो नमुने तयार होतात आणि माणूस खूष होतो की डेटा भरपूर झाला. माझ्या विद्यार्थ्यानं खऱ्या वाचनांचेही पत्त्यांसारखे दोन वाटे केले, एकावर शिकवलं, दुसऱ्यावर तपासलं, आणि शंभरातले सत्त्याण्णव बरोबर आले. मी ट्रॉली शेजारच्या वावरात नेऊन मोजायला लावलं. साठच्या खाली घसरलं. संगणक ट्रॉली नाही, आमच्या बांधावरची बाभूळ ओळखत होता. मोठमोठ्या डेटासंचांवरही हा घोळ झालेला आहे. म्हणून वाटणी वाचनांची करू नका, जागांची करा. ज्या वावरात शिकवलं त्यात तपासायचं नाही. आणि मॉडेलमधून नमुने काढताना प्रत्येक वेळी पोचे, माती आणि मोळ्यांची रचना बदलून काढा.

सध्या माझ्याकडे भरलेल्या सिंगल ट्रॉलीची वाचनं आहेत, भरलेल्या डबलची नाहीत. तिच्यात दोन ट्रॉल्यांमधलं अंतर वळणावर कमीजास्त होतं, त्यामुळे मागच्या ट्रॉलीचे सगळे ठिपके एका बिजागरीवर फिरवावे लागतात. कोड लिहून झालाय. दसऱ्यानंतर कारखाना सुरू झाला की भाऊ दोन खेपांच्या मधला अर्धा तास देणार आहे. त्याची अट एकच, खडूच्या फुल्या पुसून द्यायच्या, टोळीतली माणसं हसतात.